मनीच्या रक्तातली २९६ साखर

मिरकरवाड्यातल्या काकूंच्या मनीची नसबंदी व्यवस्थित झाली. टाके कोरडे, ताप नाही. तरी दुसऱ्या दिवशी ती पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेली. उकडलेल्या बांगड्याकडे ढुंकूनही बघेना. रक्त तपासलं. साखर २९६, पांढऱ्या पेशी २१ हजार, दोन्ही चढलेले.

आमचे सहकारी लगेच इन्सुलिनचं बोलू लागले. घाबरलेल्या मांजराची साखर मधुमेह नसतानाही तीनशेच्या घरात जाते, हे सगळ्यांनी शिकलेलं असतं. मशीनवर आकडा दिसला की ते आठवत नाही. त्यात काकूंच्या भाच्याने माणसांच्या लॅबमधून सीआरपी, म्हणजे सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन, तपासून आणलं. नॉर्मल! म्हणजे सूज नाही, असं त्याचं म्हणणं. सीआरपी कुत्र्यांत उपयोगी. मांजरात सूज असली तरी ते फारसं हलत नाही, तिथे सीरम अमायलॉइड ए हे तसलंच दुसरं प्रथिन बघायचं असतं. ती सोय आमच्याकडे नाही.

मग भिस्त सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर. जांभळ्या झाकणाच्या नळीतला थेंब, काचेवर एका दमात ओढलेला रक्ताचा पातळ थर, म्हणजे स्मिअर, आणि पेशी दिसाव्यात म्हणून लीशमनचा रंग. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत स्मिअर रेंगाळत वाळतो आणि पेशी आक्रसतात, म्हणून तो ओढल्याबरोबर वारा घालून वाळवते. शंभर पांढऱ्या पेशी मोजल्या. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल भरपूर, पण बहुतेक पक्व. नालाच्या आकाराच्या केंद्रकाचे कच्चे बँड दोनच. पांढऱ्या पेशींच्या इतर जातींत लिम्फोसाइट कमी, इओसिनोफिल एकही नाही. हे कॉर्टिसॉल या संप्रेरकाचं, ताणाचं चित्र. आत पू धरत असता तर बहुधा बँडची गर्दी दिसली असती.

काकू म्हणाल्या, "डॉक्टर, समोर तो कुत्रा सारखा भुंकतोय. हिच्या घशाखाली काय उतरणार?" खरंच होतं. मांजरांसाठी वेगळी खोली मागितली की वरून उत्तर ठरलेलं: मांजरं येतात किती!

वेदनाशामक दिलं, मनीला स्टोअरच्या खोलीत हलवलं, पिंजऱ्यावर जुनी चादर टाकली. संध्याकाळी बांगडा खाल्ला. सकाळी साखर १२४.

पण ती दुखणं कमी झाल्याने उतरली की भुंकणं थांबल्याने? दोन्ही उपाय एकदमच केले, त्यामुळे सांगता येत नाही. अमायलॉइड ए मिळालं असतं तरी एका आकड्यावर भागलं नसतं. शस्त्रक्रियेनंतर तेही वाढतंच. साधारण एक-दोन दिवसांत शिखर गाठून उतरू लागतं, आणि उतरायच्या वेळी चढत राहिलं तर काळजी. म्हणजे पुन्हा पुन्हा नमुना घ्यायचा, आणि दर वेळी धरून सुई टोचली की साखर परत वर.