रोडिओ-कादंबरीची वही, भाग ४ : ‘तू’ कुठे म्हणायचं?

१८ एप्रिल

शब्द ४१,३००. मागच्या नोंदीत ४७,५०० होते, त्यामुळे माझं गणित बिघडलंय असं वाटेल. तसं नाही. ६,२०० शब्द काढून टाकले. अख्खं हॉस्पिटल गेलं.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: मी कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सला राहते. इथून उत्तरेला तासाभरात वायोमिंगचं चेयेन लागतं. तिथे १८९७ साली सुरू झालेला ‘फ्रंटियर डेज’ हा रोडिओ, म्हणजे काउबॉयांच्या घोडे-वळूंच्या खेळांची स्पर्धा, दर जुलैत भरतो. सहा वर्षं नुसती बघायला गेले, सातव्या वर्षी वही घेऊन गेले, आणि आता आजच्या काळातली काउबॉय प्रेमकथा मराठीत लिहितेय. नायिका बॅरल रेस (घोडीवरून पिंपांना वळसे घालायची शर्यत) पळवते, नायक खोगीर घातलेल्या उधळ्या घोड्यावर बसतो. शेवट गोड होणार, हे आत्ताच सांगते. या प्रकारात शेवट कडू केला तर वाचक घरी येऊन मारतील.

तर हॉस्पिटल. नायक पडतो, मशीन टिकटिक करतं, नायिका हात धरून बसते, शुद्धीवर आल्यावर दोघं मनातलं बोलतात. लिहिताना मला रडू आलं होतं. आठवड्याने वाचलं तर जांभई आली. त्यात चेयेनचंच मैदान घेतलेलं. तिथे ३० जुलै १९८९ ला वळूवर बसणारा स्वार लेन फ्रॉस्ट मरण पावला. वळूवर टिकायची ठरलेली आठ सेकंद पुरी करून तो उतरला होता, आणि मग वळूने मागून शिंगाने धडक दिली. वय २५. त्याचा मित्र कोडी लँबर्ट याने पुढे संरक्षक जाकीट तयार केलं, ते आज वळूवर बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात दिसतं. मैदानाबाहेर लेनचा पुतळा आहे. त्या पुतळ्यासमोरून आत जायचं आणि एका खोट्या अपघातावर आपलं प्रकरण तरून न्यायचं, हे काही जमेना. आता नायकाचा फक्त खांदा दुखतो. दुखरा खांदा शंभर पानं पुरतो, आयसीयू दहा पानांत संपतं.

२ मे

नावं बदलली. आधी नायिका जोडी आणि नायक कोडी. इंग्रजीत दोन्ही नावं तिकडची अस्सल आहेत. देवनागरीत लिहिलं, “जोडी ट्रकमध्ये बसली”, आणि कोण कोण बसलं ते मलाच कळेना. “कोडी तिला सुटली नाहीत” असं वाक्य तर मी खरंच लिहून गेले होते. मग नायकाचं नाव वेड ठेवलं. “वेडने टोपी काढली.” असो. आता टेस आणि रॉय. घोडीचं नाव बिस्किट, ते पहिल्या दिवसापासून पक्कं आहे.

शब्दांचंही थोडं मार्गी लागलं. ज्या अरुंद कप्प्यात घोडा कोंडून त्यावर स्वार उतरतो त्याला इथे ‘शूट’ म्हणतात. मराठीत ते लिहिलं की कुणीतरी सिनेमा काढतंय असं वाटतं. ‘कोंडवाडा’ करून पाहिला, पण त्यात मोकाट गुरं आणि नगरपालिका आली. शेवटी ‘खोडा’. गुरांच्या दवाखान्यात इंजेक्शन देताना जनावर ज्यात उभं करतात तो. पट्कन डोळ्यांपुढे येतो. ‘बुल’ला बैल म्हणायचं नाही, हेही ठरलं. आपला बैल खच्ची केलेला असतो, गाडीला जुंपतात, पोळ्याला पुरणपोळी खातो. रोडिओतला तो वळू. आणि बकिंगसाठी ‘दुगाण्या झाडणं’ इतका नेमका शब्द आपल्याकडे असताना मी तीन प्रकरणं ‘उड्या मारणं’ लिहीत होते, याची लाज वाटली.

एकीने विचारलं होतं, म्हणून सांगते: घोड्याने दुगाण्या झाडाव्यात म्हणून त्याच्या मागच्या अंगाला, जांघेच्या पुढे जो पट्टा आवळतात, तो वृषणांना बांधलेला नसतो. ही अफवा फार जुनी आहे. घोड्यांच्या पट्ट्याला आतून लोकर असते. दुगाण्या झाडणाऱ्यांत माद्याही असतात, तेव्हा तो प्रश्न तसाही निकालात निघतो.

२३ मे

शब्द ४४,९००.

गल्लीतल्या निवृत्त नालबंदाला चार प्रकरणं तोंडी इंग्रजीत सांगितली. त्याने दोनदा थांबवलं. एकदा, रॉय मोटेलच्या खोलीत शिरतो आणि टोपी पलंगावर फेकतो तिथे. काउबॉय पलंगावर टोपी ठेवत नाही, अपशकुन. खिशात सुटे पैसे घेऊन मैदानात उतरत नाही, कारण मग तेवढेच जिंकशील. पिवळा शर्ट घालत नाही. माझ्या रॉयने एका प्रकरणात तिन्ही केलं होतं आणि वर तो जिंकलाही होता.

दुसऱ्यांदा थांबवलं ते नकाशावरून. चार जुलैच्या आसपासच्या आठवड्याला हे लोक ‘काउबॉय ख्रिसमस’ म्हणतात. इतके रोडिओ एकदम भरतात की जमेल तितके गाठायचे. पगार कुणालाच नाही. नाव नोंदवायचे पैसे स्वतःचे, डिझेल स्वतःचं, नंबरात आलं नाही तर हाती शून्य. जिंकलेला एक डॉलर म्हणजे एक गुण, आणि सप्टेंबरअखेर पहिल्या पंधरात असाल तर डिसेंबरात लास वेगासची अंतिम स्पर्धा. मी उत्साहाच्या भरात टेसला दुपारी ॲरिझोनातल्या प्रेस्कटला पळवली आणि त्याच रात्री वायोमिंगच्या कोडीला. मध्ये हजारेक मैल. नालबंद म्हणाला, घोडीला विमानात बसवलंस का?

आता वाटेवर फक्त मोंटानातली रेड लॉज आणि लिव्हिंगस्टन, आणि कोडी. ट्रेलर ओढत, झोप मोडून जमण्यासारखं.

याच चुकीतून मला दोघांमधला खरा फरक सापडला. रॉयचा घोडा चिठ्ठीत निघतो, जनावरं कंत्राटदाराची. तो खोगीर आणि एक बॅग घेऊन कुणाच्याही गाडीत मागे झोपून जाऊ शकतो. तिची घोडी घरची. दर काही तासांनी पाणी, चारा, पाय मोकळे करणं. घोडी दमली तर टेसचा हंगाम संपला. म्हणून ती गाडीचं चाक दुसऱ्याच्या हाती देत नाही. ही गोष्ट मी आधीच तिसऱ्या प्रकरणात लिहून ठेवली होती, उगाच, स्वभाव दाखवायला म्हणून. तिचं महत्त्व मला तेव्हा कळलं नव्हतं.

९ जून

आईने कराडहून फोन केला. पहिली पाच प्रकरणं वाचली. घोडे आवडले. मग म्हणाली, “अगं, पहिल्याच पानावर दोघं एकमेकांना ‘तू’ म्हणतायत. मग पुढे व्हायचं काय राहिलं?”

मी दोन दिवस काही लिहिलं नाही.

चूक अशी झाली होती की संवाद मला कानात इंग्रजीत ऐकू येत होते आणि मी ते मराठीत उतरवत होते. तिथे सगळ्यांना एकच ‘यू’. पण रॉय तिला ‘मॅम’ म्हणतो. वायोमिंगमधली मुलं पेट्रोल पंपावरच्या मुलीलाही म्हणतात. आणि “मॅम, तू जरा सरक” हे कुठल्याच मराठीत बसत नाही. तेव्हा ‘तुम्ही’. कृत्रिम वाटेल अशी भीती होती, पण उलट झालं. दोघंही ताठ बसून बोलायला लागली आणि मधली जागा दिसायला लागली.

अकरा प्रकरणांत ‘सरक’चं ‘सरका’ करणं आलं. मी शहाणपणा करून कॉम्प्युटरला सांगितलं, सगळीकडे ‘तू’च्या जागी ‘तुम्ही’ घाल. त्याने इमानेइतबारे घातलं. टेसचा ‘हेतुम्ही’ शुद्ध होता, तिने घरातल्या ‘वस्तुम्ही’ आवरल्या. असं करू नका. हाताने करा. मला नऊ दिवस लागले.

घोडीला मात्र टेस पहिल्यापासून ‘अगं’ म्हणते. त्यामुळे रॉयला सगळ्यात आधी हेवा वाटतो तो बिस्किटचा. हे मी योजलं नव्हतं.

२८ जून

शब्द ५२,१००.

‘तू’ कुठे म्हणायचं यावर तीन मसुदे झाले. पहिला, रॉयची आठ सेकंदं पुरी होतात, स्टेडियम उठून उभं राहतं, तो धावत येतो. टाकला. दुसरा, टेसच्या शर्यतीनंतर. तीन पिंपं, पहिल्या दोघांत ९० फूट, तिसऱ्यापर्यंत दोन्हीकडून १०५, पिंप पडलं की ५ सेकंदांचा दंड, आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागात. डगमगणारं पिंप हाताने सावरलं तर चालतं, हे वाचून मी तो क्षण लिहिला: तिसरं पिंप कलतंय, ती तळव्याने धरून पुढे निघते. हे आवडलं. ते ठेवलं, पण त्याच्यामागून येणारं ‘तू’ काढलं, कारण तिथे ती एकटी असलेलीच बरी.

तिसरा मसुदा रात्रीचा, रेड लॉजहून लिव्हिंगस्टनला जाताना. त्याला उद्याचा घोडा कोणता ते कळलंय. म्होरकीला बांधलेला एकच जाड दोर एका हातात, बस्स, तेवढाच आधार. तो कितीवर धरायचा हे खोगिराच्या पुढच्या उंचवट्यापासून मूठ आणि अंगठा मांडून मोजतात. जास्त सोडला तर तोल जातो, कमी धरला तर घोडा मान खाली घालतो आणि आपण त्याच्या डोक्यावरून पुढे. म्हणून त्या घोड्यावर आधी बसलेल्याला फोन करायचा. तो उद्या त्याच बक्षिसासाठी उतरणार असतो आणि तरी खरं माप सांगतो. मला या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. रॉय फोनवर ऐकतोय, लिहायला काही नाही, टेस एका हाताने चाक धरून दुसरा तळवा पुढे करते. तो तिच्या तळव्यावर माप लिहितो.

मग बिग टिंबरचा पंप, रात्रीचे तीन. ती बादली धरून उभी, घोडी पाणी पिते. तिचे डोळे मिटतायत. तो हात पुढे करतो, किल्लीसाठी.

“तू झोप. मी चालवतो.”

ती काही म्हणत नाही. बादली उपडी करते आणि किल्ली देते. प्रकरण तिथे संपवलं. आधी खाली चार ओळी होत्या, तिच्या मनात काय आलं वगैरे. त्या काढल्या.

१२ जुलै

आईने प्रकरण वाचलं. बराच वेळ गप्प होती, मी मनात खूश.

“चांगलं झालंय,” म्हणाली. “पण ती अजून त्याला ‘तुम्ही’च म्हणतेय की.”

खरंच म्हणतेय. पुढची चार प्रकरणं तपासली, सगळीकडे ‘तुम्ही’. चेयेनची तिकिटं शेवटच्या शनिवारची आहेत, त्याआधी एका सकाळच्या स्लॅकलाही जाणार. मुख्य कार्यक्रमात न मावलेले स्पर्धक तेव्हा उतरतात, बाकं रिकामी, लाऊडस्पीकर निम्म्या आवाजात, दर काही घोड्यांनंतर ट्रॅक्टर माती सारखी करून जातो. तिचं ‘तू’ त्या ट्रॅक्टरच्या आवाजात कुठेतरी बसेल असा अंदाज आहे. वही घेतलीय, पेन दोन.