आमची वाटचाल: मकरपुऱ्याची शेड आणि युरोपचा कार्बनचा हिशेब

आमचा धंदा स्टड (डोकं नसलेले, आटे पाडलेले दांडे) आणि नट-बोल्टचा. रिफायनरीतली पाइपलाइन जोडायला, हीट एक्सचेंजरचं झाकण आवळायला जे जाडजूड बोल्ट लागतात, ते आम्ही बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (गुजरातची सरकारी औद्योगिक वसाहत) करतो. सुरुवात बाबांनी केली. बडोद्याच्या कलाभवनात, म्हणजे तिथल्या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकले, थोडी वर्षं नोकरी केली आणि भाड्याच्या शेडमध्ये लेथ टाकून बसले. बडोद्यात या मालाला गिऱ्हाईक शोधायला फार लांब जावं लागत नसे. कोयलीची रिफायनरी 1965 साली सुरू झाली, आजूबाजूला खतं आणि पेट्रोकेमिकल्सचे कारखाने उभे राहिले. कुठे ना कुठे शटडाउन, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद, असायचंच आणि शटडाउन म्हटलं की बोल्ट आजच्या आज हवे.

कायदे बदलले की धंद्याचं काय होतं, हे मी बाबांच्या टेबलाशी बसून शिकलो. एक्साईजची रजिस्टरं, 1986 साली आलेलं मॉडव्हॅट (कच्च्या मालावर भरलेली एक्साईज वजा करून घ्यायची सोय), परराज्यातल्या पार्टीकडून सी-फॉर्म (विक्रीकर कमी लागावा म्हणून लागणारा कागद) मिळवण्यासाठी घातलेल्या खेपा, नाक्यावरची जकात. 2006 साली गुजरातेत व्हॅट आला, पुढच्या वर्षी जकात गेली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, तेव्हा निर्यातीच्या मालाचे रिफंड पहिले काही महिने अडकले आणि बँकेच्या उचलीची (कॅश क्रेडिटची) मर्यादा संपत आली. ते दिवस कठीण गेले, पण आता मागे पाहताना मी स्पष्ट म्हणेन की जीएसटीने आमचं भलंच केलं. पुण्याला माल पाठवायचा म्हणजे आठवडाभर कागद जमवायचे, ते दिवस संपले.

या सगळ्यातून एक गोष्ट कधी सुटली नाही, ती म्हणजे बाबांचं हीट नंबरचं रजिस्टर. पोलादाची प्रत्येक भट्टी ओतली की तिला गिरणी, म्हणजे पोलादाचा कारखाना, एक नंबर देते. बार, म्हणजे पोलादाची जाड सळई, शेडमध्ये उतरला की तो नंबर रजिस्टरात चढतो: तारीख, गिरणी, ग्रेड, वजन, त्यातून किती पीस निघाले, टर्निंगचा, म्हणजे लेथवर कातताना निघालेला, भंगार किती पडला. बोल्टच्या डोक्यावरही तो ठोकला जातो. तपासणीला आलेला इन्स्पेक्टर खोक्यातून कुठलाही एक बोल्ट उचलतो आणि म्हणतो, याचं सर्टिफिकेट दाखवा. आमचे फोरमन दोन मिनिटांत कागद पुढे ठेवतात. ही शिस्त गुणवत्तेसाठी होती. तिच्यावर एक दिवस परदेशातला कर ठरेल, असं बाबांच्या स्वप्नातही आलं नसतं.

2023 च्या शेवटी आमच्या जर्मनीतल्या पार्टीचा मेल आला. सोबत युरोपीय कमिशनची एक्सेल फाइल, भरपूर पानांची. तुमच्या एक टन मालामागे किती टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, ते भरून पाठवा. हा सीबॅम. बोलीत त्याला कार्बन बॉर्डर टॅक्स म्हणतात. युरोपातल्या पोलाद कारखान्यांना तिथल्या कायद्याने कार्बनचा भुर्दंड पडतो, मग बाहेरून येणाऱ्या मालालाही तो पडावा, असा हिशेब. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज एवढ्यांना तो लागू झाला. 1 ऑक्टोबर 2023 पासून 2025 अखेरपर्यंत नुसती माहिती द्यायची होती, 1 जानेवारी 2026 पासून पैशांचा विषय सुरू झाला. शेजारच्या शेडमध्ये व्हॉल्व्ह बनतात. व्हॉल्व्ह पहिल्या यादीत नाही. तोच व्हॉल्व्ह पाइपला जोडणारा आमचा बोल्ट मात्र आहे.

आम्ही हिशेबाला बसलो तेव्हा वाटलं होतं, आपली फोर्जिंगची (पोलाद तापवून, ठोकून आकार द्यायची) भट्टीच सगळ्यात मोठा दोषी निघेल. पाइपने येणाऱ्या गॅसचा एक घनमीटर जळला की साधारण दोन किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. गॅसचं बिल हातात, टनेज हातात, गणित सोपं. समजा एक टन बोल्टला फोर्जिंग आणि हीट ट्रीटमेंट मिळून 130 घनमीटर गॅस लागला, तर झाले 260 किलो, म्हणजे पाव टनाच्या जरा वर.

आता बारच्या पोलादाचं बघा. कोळशाच्या ब्लास्ट फर्नेसमधून आलेल्या पोलादामागे टनाला दोन टनांहून जास्त उत्सर्जन असतं. समजा 2.3 टन. त्यात एक टन बोल्ट करायला 1.2 टन बार लागतो आणि जो भंगारात गेला त्याचंही उत्सर्जन बोल्टच्याच नावावर चढतं. म्हणजे 2.76 टन नुसत्या कच्च्या मालाचे. आमची भट्टी धरून तीन टन. त्यातले नऊ दशांश आमच्या शेडमध्ये घडलेलेच नाहीत. तोच बार भंगार वितळवून केलेल्या पोलादाचा असेल आणि त्याचा आकडा अर्ध्या टनाच्या आसपास असेल, तर आमचा एकूण हिशेब एका टनाच्याही आत येतो. बोल्ट तोच, ताकद तीच.

म्हणून इलेक्ट्रिक फर्नेसचा बार घेतला की झालं, असंही नाही. आपल्याकडे पुष्कळ इंडक्शन फर्नेस (विजेवरच्या भट्ट्या) कोळशावर केलेल्या स्पंज आयर्नवर (खनिजातून न वितळवता काढलेल्या लोखंडावर) चालतात. त्याचा आकडा ब्लास्ट फर्नेसइतका किंवा जास्तही निघू शकतो. भट्टी कसली हे विचारून भागत नाही, भट्टीत काय घातलं ते विचारावं लागतं.

इथे बाबांच्या रजिस्टराने हात दिला. कुठल्या बोल्टात कुठल्या गिरणीचा बार, भंगार किती, हे सगळं वर्षानुवर्षांचं लिहिलेलं होतं. टर्निंगचे आकडे एकत्र मांडल्यावर दिसलं की आटे कापून पाडायचे सोडून रोलिंगने पाडले तर बार कमी लागतो, कारण रोलिंगमध्ये धातू काढला जात नाही, दाबून वर उचलला जातो. आटे मजबूतही होतात. रोलिंग मशीन घ्यायचा विचार आधीपासून होता, या हिशेबाने तो पक्का झाला.

धंद्यातल्या बऱ्याच जणांशी बोलताना दोन गैरसमज दिसतात, ते इथे सांगायलाच हवेत. पहिला, 2026 मध्ये फक्त अडीच टक्केच भार आहे. तसं नाही. युरोपातल्या कारखान्यांना उत्सर्जनाचा जो फुकट कोटा मिळतो, तो ठरलेल्या बेंचमार्कपुरता (टनामागे ठरवून दिलेल्या आकड्यापुरता) असतो आणि 2026 साठी त्यातला अडीच टक्के कापला आहे, 2034 पर्यंत तो पूर्ण जाईल. ज्याचं उत्सर्जन बेंचमार्कच्या वर, त्याच्या वरच्या भागावर पहिल्या वर्षापासून पूर्ण भाव लागतो. युरोपात हा भाव गेल्या काही वर्षांत टनाला साधारण 60 ते 90 युरोंमध्ये फिरला आहे. 2026 च्या मालाची सीबॅम सर्टिफिकेटं (हा भार भरायचे दाखले) आयातदाराला फेब्रुवारी 2027 पासून घेता येतील. म्हणजे आज गेलेल्या मालाचा खर्च नंतर समोर येणार आणि पार्टी तो आजच दरात धरू पाहते.

दुसरा गैरसमज 50 टनांच्या सवलतीचा. 2025 च्या दुरुस्तीने वर्षाला 50 टनांपर्यंत आयात करणाऱ्यांना मोकळं केलं. पण ही मर्यादा आयातदाराची आहे, तुमची-आमची नाही, आणि त्याने सगळीकडून आणलेला सीबॅमचा सगळा माल त्यात मोजला जातो. आमचा एक छोटा ग्राहक त्यामुळे सुटला. दुसऱ्या मोठ्या पार्टीला आम्ही थोडाच माल देतो, तरी तिला आमचे आकडे लागतातच. आपली निर्यात किती लहान, याने काही ठरत नाही.

आकडे दिले नाहीत तर कमिशनचे ठरवून दिलेले आकडे लागतात आणि ते मुद्दाम चढे ठेवलेले आहेत. खरे आकडे द्यायचे तर आता मान्यताप्राप्त तपासनिसाचा शिक्का हवा. त्याची फी मोठ्या कारखान्याला जाणवत नाही, आमच्यासारख्याला जाणवते. हवामानाचं काम व्हायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मकरपुऱ्याचा मे महिना मी लहानपणापासून पाहतोय, भट्टीपाशी उभ्या असलेल्या कामगाराला आता काय सोसावं लागतं ते रोज बघतो. पण मोजमापाचा खर्च साखळीतल्या सगळ्यात लहान माणसावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

त्यावर उपाय आपल्याच देशात आहे. गिरणीच्या टेस्ट सर्टिफिकेटवर कार्बन, मँगनीज, क्रोमियम, मॉलिब्डेनम टक्क्यांत छापलेले असतात, ताण सहन करायची ताकद छापलेली असते. तिथेच आणखी एक ओळ हवी: या हीटच्या एक टनामागे उत्सर्जन किती. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर 2024 मध्ये ग्रीन स्टीलची व्याख्या केली, टनामागे 2.2 टनांखाली उत्सर्जन असलेल्या पोलादाला तारांकन देण्याची. म्हणजे मोजायची तयारी सुरू झालेली आहे. तो आकडा मोठ्या खरेदीदारापुरता न राहता पाच टन बार घेणाऱ्याच्या कागदावरही उतरला पाहिजे. आम्ही विचारलं तेव्हा काही पुरवठादारांनी लगेच दिला, काहींनी उत्तरच दिलं नाही. बार व्यापाऱ्याकडून घेतला की विचारायचं कोणाला, हाही प्रश्नच.

म्हणून मकरपुऱ्यातले आम्ही काही फास्टनरवाले (नट-बोल्ट करणारे) आणि फ्लँजवाले (पाइप जोडायच्या चकत्या करणारे) आता बाराची खरेदी एकत्र करायच्या बोलण्यात आहोत. एकट्याच्या पाच टनांसाठी गिरणी फोन उचलत नाही, सगळ्यांचं मिळून ट्रकभर झालं तर उचलते. आमच्या परचेस ऑर्डरवर उत्सर्जनाच्या आकड्याची अट आम्ही छापून घेतली आहे. भट्टीच्या गॅस लाइनवर वेगळा मीटर बसवला आहे, कँटीनचा गॅस त्यात मिसळू नये म्हणून. हिशेबाची शीट आमच्या अकाउंट्समधल्या बेनने मराठी-गुजराती दोन्हींत सोपी करून ठेवली आहे. कोणा लघुउद्योजकाला हवी असेल तर शेडवर यावं, सोबत गेल्या वर्षीची गॅसची बिलं आणि बाराची टेस्ट सर्टिफिकेटं आणावीत. बसून भरून देऊ.