श्वेतानं हॉटेल टाकलंय!

आज दुपारी मेसचे डबे गेल्यावर आईला सांगितलं की 'रंग माझा वेगळा' सिरीयलमधली ती खलनायिका श्वेता, म्हंजे अनघा अतुल, टीव्हीवर राशिभविष्य सांगणाऱ्या भगरे गुरुजींची मुलगी, तिनं २०२३ ला पुण्यात भावासोबत 'वदनी कवळ' नावाचं व्हेज हॉटेल काढलंय, तर आईचा विश्वासच बसंना. सिरीयल चालू होती तेव्हा लातूरच्या ह्याच स्वयंपाकघरात भाकरी थापत थापत तिला लै शिव्या घातल्यात आईनं 😄 आता एकदम माया! "नाव चांगलं ठेवलं बाई" म्हणाली, मग धपाट्याचं पीठ मळत गप्पच. अन् थोड्या वेळानं १२ वर्षं मेस चालवणाऱ्या बाईचा खरा प्रश्न आला, "भांड्याला बाई टिकते का गं तिच्याकडं? आपली आज परत आली नाही."