गुल काढलेली काडी

परवा दुपारी शोकेसमधली धूळ पुसताना दहा इंची लाल गिटार उचलली आणि तिच्या लाकडी स्टँडचा स्क्रू भोकात नुसताच गोल फिरू लागला. अशा वेळी काय करायचे हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही, काडीपेटी शोधायची. आमच्याकडे ती आता फक्त देवघरात सापडते. काडी हातात घेतली आणि मी तशीच बसून राहिलो, कारण ही चिमुकली गिटार ज्या गिटारची प्रतिकृती आहे, तिच्या नेकमध्येही, म्हणजे लांब मानेतही, काड्याच भरलेल्या आहेत.

ती गिटार म्हणजे क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे याची 'रेड स्पेशल'. लंडनच्या पश्चिमेला असलेल्या फेल्टहॅममध्ये, ऑगस्ट 1963 मध्ये, सोळा वर्षांच्या ब्रायनने आणि त्याच्या वडिलांनी ती घरच्या घरी करायला घेतली. दुकानातली चांगली इलेक्ट्रिक गिटार परवडणारी नव्हती. शिवाय वडील, हॅरल्ड मे, इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार, घरातला टीव्हीदेखील स्वतः जोडणारे. जुन्या फायरप्लेसच्या चौकटीचे महोगनी लाकूड नेकसाठी मिळाले. त्याला वाळवीसारख्या किड्याने भोके पाडलेली होती, ती काडीपेटीतल्या काड्यांनी बुजवली. तारेचा सूर हलवणाऱ्या ट्रेमोलोसाठी 1928 सालच्या पँथर मोटरसायकलच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा आल्या, त्याचा दांडा सायकलच्या सीटमागे पिशवी अडकवायच्या सळईतून निघाला आणि दांड्याच्या टोकाला आईच्या विणायच्या सुईचा तुकडा बसला. नेकवर बोटे दाबायच्या पट्टीवरचे पांढरे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे. हे सगळे जमून यायला सुमारे दोन वर्षे गेली. याच फेल्टहॅममध्ये 1964 साली झांझिबारहून बलसारा कुटुंब राहायला आले आणि त्यांचा पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला फारूख जवळच राहू लागला. तोच पुढचा फ्रेडी मर्क्युरी, क्वीनचा गायक. दोघांची गाठ पडायला मात्र आणखी काही वर्षे जावी लागली.

माझी गिटार भाच्याने लंडनहून आणलेली आहे. भिंगाखाली धरली तर तिचे ठिपके रंगाचे आहेत हे कळते, सहाही तारा एकाच जाडीच्या आहेत आणि ट्रेमोलोचा दांडा गोंदाने कायमचा चिकटवलेला आहे. पट्टीवरच्या धातूच्या आडव्या पडद्यांपैकी बाराव्यावर तीन ठिपके हवेत, तिथे दोनच आहेत. याचा मला दर वेळी नव्याने राग येतो. खऱ्या मापाच्या, वाजणाऱ्या प्रतिकृती अर्थातच वेगळ्या. 1980 च्या दशकात गिल्ड कंपनीने त्या बाजारात आणल्या, पुढे बर्न्स या कंपनीने आणल्या, आणि आता ब्रायन मेच्याच नावाच्या कंपनीची लाल गिटार कोणालाही विकत घेता येते. ऑस्ट्रेलियातील ग्रेग फ्रायर या कारागिराने तर मूळ गिटारची बारकाईने मापे घेऊन तीन प्रतिकृती केल्या आणि त्यांची नावे ठेवली जॉन, पॉल आणि जॉर्ज बर्न्स. गिटारचे बारसे करणाऱ्या माणसाविषयी मला आपुलकी वाटते.

पण काड्यांचे काय करायचे, हा माझा जुना हट्टी प्रश्न आहे. प्रतिकृतीसाठी आणलेले लाकूड चांगले असते. त्यात काडी घालायची तर आधी भोक पाडावे लागणार, म्हणजे किड्याचे कामही कारागिरानेच करायचे! न घालावी, तर ती प्रतिकृती कसली? आणि घातली तरी वरून रंग आणि पॉलिश चढल्यावर ती दिसणार कोणाला? मूळ गिटारमधल्या काड्या तरी कुठे दिसतात. त्या आहेत हे केवळ ऐकून आपण मान डोलावतो.

आमच्या घरी दिवाळीच्या एका सुट्टीत मी आणि बाबांनी एक तंतुवाद्य केले होते. वनस्पती तुपाचा रिकामा डबा, मोडक्या पाटाची फळी आणि सायकलच्या ब्रेकची तार. ब्रेकची तार पिळाची असते, ती वाजत नाही, हे कळेपर्यंत सुट्टीचे चार दिवस संपले होते. मग बाबांनी कुठूनशी बारीक पोलादी तार आणली. खुंटीचे भोक मोठे झाले तेव्हा त्यांनी काडी घेतली, पानाच्या सुरीने तिचा गुल आधी छाटून टाकला आणि मगच ती आत सारली. गुलासकट काडी लाकडात घालायची नाही, असा त्यांचा नियम होता आणि त्याचे कारण त्यांनी कधीही सांगितले नाही. आईकडे बटणे मागितली तर ती मिळाली नाहीत. शर्टाला लागतील म्हणाली. वाद्यातून 'ट्यँव' एवढा एकच सूर निघत असे. जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंत तो डबा पुन्हा डबा झाला आणि त्यात रॉकेल आले.

हॅरल्ड मे यांची गोष्ट पुढे अवघड झाली. मुलगा इंपीरियल कॉलेजमधली खगोलशास्त्राची पीएच.डी. अर्धवट टाकून बँडमध्ये गेला, तेव्हा ते फार दुखावले. जी गिटार मुलाला घेऊन गेली, ती त्यांनीच त्याच्या जोडीने रंधली होती. पुढे ब्रायनने आईवडिलांना काँकॉर्ड विमानाने न्यूयॉर्कला नेले, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला कार्यक्रम दाखवला, आणि तिथे कुठे त्यांचे मन वळले. पीएच.डी. पुरी झाली ती 2007 साली. ते पाहायला हॅरल्ड नव्हते.

मी स्टँडच्या भोकात काडी घातली, स्क्रू पिळला, तो घट्ट बसला. गुल आधी छाटला होता. बाबा असते तर काडी फार जाड घेतलीस म्हणाले असते.