किनाऱ्याने जाणारी बोट

वेंगुर्ले, २८ डिसेंबर २०२५

यंदाचे आमचे वर्ष समुद्रावर गेले. फेब्रुवारीत मुंबईहून कोची आणि लक्षद्वीप, मार्चमध्ये सिंगापूरहून पेनांग आणि फुकेत, जूनमध्ये नॉर्वेचा किनारा आणि ऑक्टोबरात ग्रीसची बेटे व इस्तंबूल, असा हा सारा प्रवास बहुतांशी बोटीने झाला. एप्रिल-मे मात्र आम्ही घरीच होतो, कारण आंब्याच्या दिवसांत बाग दुसऱ्यावर सोपवून परदेशी जाणे आम्हा दोघांनाही मान्य नव्हते. हे डाक खात्यातून निवृत्त झाले आणि मी शाळेतून, भूगोल शिकवण्यातून. दोघांच्याही नोकरीत गावे, अक्षांश, अंतरे आणि पत्ते यांच्याशी रोजचा संबंध आला. पण त्यांतली परदेशातली गावे आम्ही नकाशावर आणि पाकिटांवरच पाहिली होती. ती प्रत्यक्ष पाहावीत, आणि गुडघे साथ देत आहेत तोवरच पाहावीत, एवढा साधा विचार या वर्षामागे होता.

क्रूझच का, असे येथे अनेकांनी विचारले. आमच्या वयाला बोटीचा प्रवास सोयीचा पडतो, हे त्याचे पहिले उत्तर. खोलीत एकदा सामान लावले की ते पुन्हा बांधावे लागत नाही. रात्री झोपावे आणि सकाळी दुसऱ्या बंदरात उठावे. डॉक्टर बोटीवरच असतो. तयारी मात्र मोठी करावी लागते. युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी मुंबईला जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागले, निवृत्तिवेतनाची आणि बँकेची कागदपत्रे जोडावी लागली, आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवास विमा काढावा लागला. विमा काढताना रक्तदाब, मधुमेह जे काही असेल ते न लपवता लिहावे आणि औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जवळ ठेवावीत, हे मी माझ्या वयाच्या प्रत्येकाला आग्रहाने सांगेन.

पहिला प्रवास आम्ही मुद्दामच देशातला निवडला होता. बॅलार्ड पिअरवरून बोट निघण्यापूर्वी सर्व प्रवाशांना संकटकाळची कवायत करावी लागते. भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब असे स्वर ऐकले की कोठे जमायचे, जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे, हे त्यात शिकवतात. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ साली समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आणि २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडल्यानंतर, लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या बोटीवर ही कवायत बंदर सोडण्यापूर्वी किंवा सोडताक्षणीच उरकण्याचा नियम आला. काही प्रवासी त्या वेळी हसत-बोलत उभे होते, ते मला आवडले नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, ही हकिगत ऐकतच कोकणातली आमची पिढी वाढली आहे. मी जाकिटाचा प्रत्येक पट्टा नीट बांधून पाहिला.

त्या रात्री आमची बोट कोकणच्या किनाऱ्यासमोरून दक्षिणेकडे गेली. किनारा बराच दूर होता आणि दिव्यांवरून गावे ओळखता येत नव्हती, तरी आम्ही दोघे डेकवर उशिरापर्यंत बसलो होतो. लहानपणी मे महिन्याच्या सुटीत आम्ही याच मार्गाने येत असू, मात्र किनारा नजरेच्या टप्प्यात ठेवून. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली ती बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करीत पणजीला जाई. ट्रंका, वळकट्या, पाण्याचे फिरकीचे तांबे, बोट लागू नये म्हणून हातात धरलेले लिंबू, आणि डेकवर सतरंजी अंथरून मिळवलेली जागा, हे सारे मला अजून लख्ख आठवते. बहुतेक बंदरांत पाणी उथळ असल्यामुळे बोट खोल समुद्रातच उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे माणसे ने-आण करणाऱ्या होड्या, येत. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी मुलांना अलगद उचलून खाली देत, आणि म्हाताऱ्या माणसांना तर अक्षरशः झेलून घेत. लक्षद्वीपला आगत्ती बेटाजवळ आमची बोट प्रवाळाच्या उथळ पाण्याबाहेर थांबली आणि आम्हाला छोट्या होड्यांनी किनाऱ्यावर नेण्यात आले, तेव्हा हे सहज म्हणाले, “बघ, पडाव आला.”

सिंगापूरच्या प्रवासाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बोट प्रचंड होती, नाटकगृहापासून पोहण्याच्या तलावापर्यंत सर्व काही तिच्यावर होते, आणि समुद्राची आठवण होऊ नये अशीच तिची रचना असावी असे वाटले. पेनांगमधली जॉर्ज टाउनची जुनी वस्ती मात्र मन लावून पाहिली. तेथल्या तमिळ, चिनी आणि मलय पेठा एकमेकींना लागून आहेत आणि तिन्हींच्या स्वयंपाकाचे वास एकाच गल्लीत येतात.

नॉर्वेबद्दल लिहावे तेवढे थोडे आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही घर सोडले, तेव्हा येथे पावसाने जोर धरला होता आणि बंदरावर होड्या ओढून शाकारून ठेवलेल्या होत्या. बेर्गेनहून जी बोट आम्ही घेतली ती खऱ्या अर्थाने क्रूझ नव्हतीच. बेर्गेन ते रशियाच्या सीमेजवळचे किर्केनेस अशी ती किनाऱ्याकिनाऱ्याने जाते, वाटेत ३४ बंदरे घेते, आणि जाऊन परत येण्यास तिला बारा दिवस लागतात. १८९३ साली रिचर्ड वित नावाच्या कप्तानाने ‘वेस्टेरोलेन’ ही बोट ट्रॉनहेमहून हामरफेस्टला नेली आणि ही सेवा सुरू झाली. तोपर्यंत ट्रॉनहेमचे पत्र हामरफेस्टला पोहोचण्यास उन्हाळ्यात तीन आठवडे आणि हिवाळ्यात पाच महिने लागत असत. या बोटीने ते काम सात दिवसांवर आणले. ही माहिती वाचल्यापासून हे त्या बोटीच्या प्रेमातच पडले. डोंगरातल्या वाड्यांवर पायी टपाल पोहोचवणाऱ्या माणसांबरोबर ज्यांनी उमेदीची वर्षे काढली, त्यांना या आकड्यांतले कष्ट आपोआप कळतात.

आमच्याबरोबर पर्यटक होते तसे त्याच किनाऱ्यावरचे लोकही होते. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात लेकीकडे निघालेली बाई चढे, दोन तासांनी उतरून जाई. मालाचे खोके फोर्कलिफ्टने आत येत. काही थांबे जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचे होते आणि काही चक्क मध्यरात्रीचे. पण बोट येणार म्हटले की धक्क्यावर कोणीतरी उभे असेच. मी रात्री उठून ते थांबे पाहत असे. हे पाहताना मला सारखे वाटत राहिले की आमचे देवगड, आमचे विजयदुर्गही असेच जागे होत असे. खाली उतरणाऱ्याला घ्यायला आलेली माणसे, वर चढणाऱ्याला दिलेली पिशवी, शेवटच्या क्षणी धावत आणलेला डबा, यात देश बदलला म्हणून काही बदलत नाही.

भूगोलाच्या शिक्षिकेसाठी तो प्रवास म्हणजे तीर्थयात्राच होती. ६६ अंश ३३ मिनिटांवर आर्क्टिक वृत्त ओलांडताना एका खडकाळ बेटावर पृथ्वीच्या गोलाची लोखंडी प्रतिकृती उभारलेली दिसते. त्यापलीकडे रात्र संपते. नॉर्वेच्या उत्तर टोकाकडच्या नॉर्डकापला मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळत नाही. आमचे वेंगुर्ले १६ अंशांच्या किंचित दक्षिणेस. येथे वर्षातला सर्वांत मोठा दिवसही तेरा तासांच्या आसपासच राहतो. वर्गात पृथ्वीचा गोल कलता धरून आणि मेणबत्ती लावून मी हा धडा दरवर्षी शिकवला होता. मध्यरात्री बारा वाजता क्षितिजाच्या वर, तांबूस आणि स्थिर असा सूर्य समोर दिसला, तेव्हा मला माझ्या विद्यार्थ्यांची फार आठवण आली. त्यांतल्या प्रत्येकाने हे एकदा पाहावे असे मनापासून वाटले.

हामरफेस्टला स्ट्रूव्ह या खगोलशास्त्रज्ञाच्या मोजणीचा स्तंभ आहे. पृथ्वीचा नेमका आकार ठरवण्यासाठी १८१६ ते १८५५ या काळात तेथून काळ्या समुद्रापर्यंत, सुमारे २,८२० किलोमीटरची त्रिकोणांची साखळी मोजली गेली. आपल्याकडे लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून हेच काम सुरू केले होते. ते करताना उन्हातान्हात आणि जंगलात मलेरियाने किती माणसे गेली, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीतही येत नाही. त्या स्तंभापाशी आम्ही बराच वेळ थांबलो.

लोफोटेन बेटांवर कॉड मासे वाळवण्याचे लाकडी मांडव आहेत. हिवाळ्याच्या अखेरीस पकडलेले मासे त्यांवर टांगतात आणि थंड, कोरड्या वाऱ्यावर ते मीठ न लावता सुकतात. आम्ही गेलो तेव्हा बहुतेक मासे उतरवून झाले होते, तरी वास मागे राहिला होता. इतर प्रवासी नाकाला रुमाल लावत असताना आम्हाला मात्र खारवलेले बांगडे उन्हात घातलेले आमचे बंदर आठवले आणि त्या संध्याकाळी भूक अंमळ जास्तच लागली.

ग्रीसची बेटे सुंदर आहेत, हे मी निराळे सांगायला नको. परंतु सांतोरिनीला एकाच सकाळी अनेक मोठ्या बोटी उभ्या होत्या, रोपवेसाठी लांबच लांब रांग होती, आणि गल्ल्यांतून चालायला जागा नव्हती. तेथल्या लोकांना हे नकोसे झाले आहे. ग्रीस सरकारने या जुलैपासून क्रूझने येणाऱ्या प्रवाशांवर कर बसवला असून ऐन हंगामात सांतोरिनी आणि मिकोनॉससाठी तो माणशी २० युरो आहे. व्हेनिसने तर २०२१ मध्येच मोठ्या बोटींना शहरालगतच्या जुदेक्का कालव्यातून जाण्यास बंदी केली. मला हे दोन्ही निर्णय योग्य वाटतात. काही तासांसाठी हजारो माणसे उतरवून संध्याकाळी उचलून नेणारी बोट गावाला फारसे काही देत नाही, उलट त्याचे पाणी आणि त्याची शांतता वापरून जाते. मी स्वतः त्या हजारांत होते, म्हणूनच हे लिहिते.

त्या बोटीवर जेवण वाढणाऱ्या एका मुलाने आमचे बोलणे ऐकले आणि हळूच विचारले, “काकी, तुमी खंयचे?” वेंगुर्ल्याचे म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. “माजा आजोळ शिरोड्याक,” तो म्हणाला. पुढे रोज तो आमच्या टेबलाशी मिनिटभर थांबे. आठ महिन्यांच्या करारावर तो आला होता आणि मिळालेल्या पैशांतून घरावर कौलांच्या जागी स्लॅब पडला होता. “औंदा गणपतीक घराक जावक गावला नाय,” हे सांगताना मात्र त्याचा आवाज बदलला. गोव्यातून आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीतून असे किती मुलगे या बोटींवर भांडी घासतात, खोल्या आवरतात, यंत्रे सांभाळतात. जगाच्या समुद्रावर कोकणचा माणूस सर्वत्र आहे, आणि त्याच्या स्वतःच्या किनाऱ्यावर मात्र त्याला घरी नेणारी बोट नाही, ही गोष्ट मला फार लागली.

आपली बोट १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात बंद पडली. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, महामार्ग आला, आणि बोटीची गरज संपली असे सर्वांनी गृहीत धरले. नॉर्वेशी आपली तुलना सरसकट करता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तेथील मार्गाला बेटांच्या रांगांचा आडोसा आहे, फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या, खोल आहेत, आणि अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे ती बंदरे हिवाळ्यातही गोठत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने समुद्र बंद, खाड्यांच्या मुखाशी गाळ आणि वाळूचे दांडे, आणि अनेक बंदरांत आजही मोठी बोट लागेल असा धक्का नाही. पण तेथेही ही सेवा केवळ तिकिटांच्या पैशांवर चालत नाही. किनाऱ्यावरच्या माणसांना ती मिळालीच पाहिजे म्हणून सरकार कंत्राट देऊन तिचा खर्च उचलते. रस्ता आपण नफ्यातोट्यात मोजत नाही, मग समुद्रातल्या रस्त्याला वेगळा न्याय का लावावा? मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गापर्यंत गाड्यांसकट माणसे नेणारी रो-रो बोट सुरू करण्याची घोषणा या वर्षी झाली, तेव्हा यांनी ते कात्रण जपून ठेवले. ती बोट टिकावी, आणि ती गाड्या नेण्यापुरती न राहता डोक्यावर पाटी घेऊन चढणाऱ्या बाईलाही परवडावी, अशी माझी तळमळीची इच्छा आहे.

पुढच्या वर्षी परदेशी जायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. त्याऐवजी आंबा संपण्यापूर्वी, पाऊस लागण्याच्या आत, किनाऱ्यालगतच्या सागरी महामार्गाने खाड्या ओलांडत मुंबई गाठायची: जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ, वेसवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा, अशा चारही फेरीबोटी धरून, आणि शेवटी मांडव्याहून २०२० मध्ये सुरू झालेल्या रो-रो बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरायचे. यांनी फेऱ्यांच्या वेळा विचारण्यास सुरुवात केली आहे. गुहागर आणि हर्णै येथे मुक्काम करायचा हे नक्की झाले आहे. श्रीवर्धनला राहायचे की थेट दिघी गाठायची, यावर मात्र आमचे अजून एकमत झालेले नाही.