गोरिंगच्या वाटा

मार्च, शेवटचा रविवार

आजपासून घड्याळं तासभर पुढं गेली. उद्यापासून ऑफिसातून आल्यावरही पळायला जाता येईल. हिवाळ्यात इथं चार-साडेचारलाच अंधारतं आणि गावाबाहेरच्या वाटांवर दिवा नसतो. कपाळावर टॉर्च बांधून जाते मी, पण पायापुढच्या उजेडाच्या गोलापलीकडं काही दिसत नाही, आणि मला तर पळताना सगळं बघायचं असतं.

गोरिंग हे इंग्लंडातलं गाव थेम्सच्या काठावर आहे, ऑक्सफर्डशायरच्या दक्षिण टोकाला. पूल ओलांडला की स्ट्रीटली, म्हणजे बर्कशायर. दोन्हीकडं खडूच्या टेकड्या आहेत, पूर्वेला चिल्टर्न्स, पश्चिमेला बर्कशायर डाउन्स, आणि त्यांच्या मधल्या खिंडीतून नदी वाहते. त्यामुळं दारातून निघताना एकच ठरवायचं असतं, आज सपाटीवर पळायचं की चढावर. स्ट्रीटलीकडं गेलं की टेकडीचा डांबरी चढ लगेच दम काढतो. वर लार्डन चेसच्या गवतावर पोचलं की नदी, लॉक म्हणजे बोटी चढवायचे-उतरवायचे पाण्याचे दरवाजे, दोन्ही गावं आणि रेल्वेची रेघ एका नजरेत येते. आज पाय जड होते म्हणून नदीकाठ धरला.

खालच्या अंगाला पँगबोर्नपर्यंत थेम्स पाथ जातो, साधारण सात किलोमीटर. खांबांवर ओकच्या फळाचं चिन्ह असतं, राष्ट्रीय पायवाटांची ती खूण. काठच्या कुरणांत हिवाळी पुराचा चिखल अजून वाळलेला नाही. पुढं गेटहॅम्प्टनचा रेल्वेपूल लागतो, ब्रुनेल या इंजिनिअरनं ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी बांधलेला, लाल विटांच्या रुंद कमानींचा. वरून गाडी गेली की आवाज कमानीखाली बराच वेळ घुमत राहतो. पूल मागं पडला की वाट हार्ट्सलॉकच्या झाडीत शिरते आणि चढायला लागते. नदी उजव्या हाताला खाली राहते. पावसात इथला ओला खडू साबणासारखा निसरडा होतो, म्हणून उतारावर मी घाई करत नाही.

हार्ट्सलॉकच्या उतारावर मे महिन्यात मंकी ऑर्किड फुलतं, देशात अगदी मोजक्या ठिकाणी सापडणारं. तिथंच लेडी ऑर्किडही आलं आणि २००६ साली त्या दोघांचा संकर पहिल्यांदा फुललेला दिसला. मे महिन्यात तिथं गेले की मी घड्याळ थांबवते. गुडघ्यावर बसून बघावीत अशीच फुलं आहेत ती.

व्हिचर्चला उतरून टोलचा पूल ओलांडला. मोटारींना पैसे पडतात, पायी माणसाला नाही. पँगबोर्नहून परत यायला रेल्वेगाडी आहे, मधे एकही स्टेशन नाही. पाठीवरच्या छोट्या पिशवीत कोरडा टीशर्ट ठेवायचा, एवढीच तयारी लागते.

एप्रिल अखेर, शनिवार

आज लांबचं अंतर, स्टोक रो. गोरिंगपासून वाटेवाटेनं दहाएक किलोमीटर, आणि निम्मं चढात. वुडकोटच्या पठारावर पोचेपर्यंत सव्वाशे मीटरच्या वर चढून होतं. पुढं चेकेंडनकडं बीच नावाच्या वृक्षांची झाडी. पानं नुकतीच फुटलीत, इतकी कोवळी की ऊन त्यांतून आरपार खाली येतं, आणि खाली ब्लूबेलची निळाई. ही निळाई फार तर दोन-तीन आठवडे टिकते. एकदा वर पानांचं छत दाट झालं की जमिनीवर ऊन पोचत नाही, त्याआधी या फुलांना सगळं उरकून घ्यायचं असतं.

या झाडीत फाटे इतके आहेत की नवख्याचा गोंधळ व्हावा. पण झाडांच्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगानं बाण रंगवलेले असतात. चिल्टर्न सोसायटीचे स्वयंसेवक हे काम करतात. संस्था १९६५ पासूनची. डबा आणि कुंचला घेऊन रानात निघालेली ही माणसं मला कधी भेटली नाहीत, पण बाण दिसला की मनातल्या मनात नमस्कार करते.

वर घारी होत्या. आपल्याकडच्या घारीपेक्षा तांबूस, शेपटीला खोल खाच. इंग्लंडातून ही घार पार संपली होती. १९८९ ते १९९४ या काळात स्पेनमधून पक्षी आणून चिल्टर्न्समध्ये सोडले आणि आता माझ्या प्रत्येक पळण्यात ती डोक्यावर असते.

स्टोक रोला पळत येण्याचं कारण म्हणजे तिथली विहीर. रस्त्याच्या कडेला खांबांवर घुमट, त्याखाली पाणी ओढायचं यंत्र आणि त्यावर सोनेरी हत्ती. १८६४ साली ती खुली झाली. पैसे दिले होते काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी. इथून जवळच्या इप्सडेनचे एडवर्ड रीड तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या वायव्य प्रांतात अधिकारी होते. इकडं एका पोराला घरातलं उरलंसुरलं पाणी प्यायला म्हणून मार बसला होता. तो प्रसंग त्यांनी महाराजांना सांगितला आणि महाराजांच्या तो लक्षात राहिला. खडू पाणी धरून ठेवत नाही, ते खोल खाली जातं, म्हणून हे पठार कोरडंच. विहीर ३६८ फूट खोल आहे, आणि सगळं खोदकाम हातांनी झालं. एवढ्या खोलीवर टोपलीत बसून उतरणाऱ्या त्या माणसांचा विचार केला की पोटात कालवतं. पाणी मात्र गावाला फुकट होतं.

मी माणदेशाच्या कडेची. हंड्यासाठी रांग मला माहीत आहे. आम्ही बाहेरून आलेली माणसं इथं येऊन कायम घेतच असतो असं कुणी सुचवलं की मला हा हत्ती आठवतो.

मे, बुधवार संध्याकाळ

साउथ स्टोकच्या अंगाला गेले होते. दोन्हीकडं रेपसीडची, म्हणजे मोहरीसारख्या तेलबियांची पिवळीजर्द शेतं, छातीपर्यंत आलेली, आणि मधून सरळ वाट काढलेली. शेतकऱ्यानं पेरतानाच ती मोकळी ठेवलेली. कायदाच तसा आहे. शेतातून आडवी जाणारी पाऊलवाट नांगरली, तर १४ दिवसांच्या आत ती पूर्ववत करून द्यायची, किमान एक मीटर रुंद. पीक वाटेवर येऊ द्यायचं नाही. पिवळा बाण असेल तर वाट फक्त पायी जाणाऱ्यांची, निळा असेल तर घोडा आणि सायकलही चालते.

मी गावाकडं फोनवर हे सांगत होते, तेव्हा अण्णांनी विचारलं, "लोकांच्या शेतातनं पळतीस, तर कोण आडवत न्हाई व्हय?"

"नकाशात वाट आहे, अण्णा. तुटक हिरवी रेघ."

"नकाशात आपली बी हाय की."

खरंच आहे. आमच्या गावनकाशात तो शिवरस्ता तुटक दुहेरी रेषेनं दाखवलाय, पाऊलवाट असती तर एकेरी असती. माझी आजी त्या रस्त्यानं भाकरी घेऊन जायची. बैलगाडी जायची. मग शेजारच्या बांधकऱ्यानं काटे टाकले, नंतर चर मारला, आणि आता आमचा ऊस तोडणीला आला की ट्रॅक्टर न्यायला दुसऱ्याच्या रानातून हातापाया पडून जावं लागतं. अण्णांनी मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडं अर्ज केलाय. १९०६ सालचा कायदा आहे, वहिवाटीचा रस्ता अडवला तर तो मोकळा करून द्यायचा म्हणून. हक्क कागदावर दोन्हीकडं आहे. इथं मात्र त्या कागदावर विसंबून एक बाई संध्याकाळी एकटी, कुणाला न विचारता, परक्या माणसाच्या पिकातून पळत जाते. आमच्या गावात मी ते करू शकले नसते. मला गोरिंगशी सगळ्यात घट्ट बांधून ठेवलंय ते या गोष्टीनं.

इथंही हे आपसूक आलेलं नाही. १९३२ साली डर्बीशायरमधल्या किंडर स्काउटवर कामगार पोरं मुद्दाम बंद डोंगरात घुसली, त्यातल्या काहींना तुरुंगात जावं लागलं. १९४९ च्या कायद्यानं काउन्ट्यांना, म्हणजे इथल्या जिल्ह्यांना, सगळ्या वाटा नकाशावर नोंदवायला लावल्या. आज इंग्लंड-वेल्स मिळून अशा वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरतात. तरी हक्क फक्त त्या रेघेपुरता. रेघ सोडून मोकळं फिरायची मुभा इंग्लंडच्या जेमतेम ८ टक्के जमिनीवर आहे. माझ्या मते हे फार थोडं आहे. नदीकाठच्या एखाद्या सुंदर कुरणाच्या तारेपाशी येऊन परत फिरावं लागतं, तेव्हा ते जाणवतं.

आणि हक्क वापरायचा तर त्याची राखणही करावी लागते. आज एका फाटकाची बिजागरी तुटलेली होती आणि पुढं वाटेवर काटेरी झुडपं दोन्हीकडून मिटलेली. फाटक नीट ठेवणं जमीनमालकाचं काम, आणि त्या खर्चाचा किमान चौथा हिस्सा काउन्टी देते. फोटो काढले, नकाशावर ती जागा टिपली आणि घरी आल्याबरोबर काउन्टी कौन्सिलच्या साइटवर तक्रार नोंदवली. वाट कुणी तुडवलीच नाही तर दोन उन्हाळ्यांत ती ओळखू येत नाही, म्हणून पुढच्या आठवड्यातही मी इथूनच जाणार. लांब पँट घालावी लागेल, कारण नेटलची खाजरी झाडं आताच गुडघ्याला आलीत.

जूनमध्ये ग्रिम्स डिच करायचा बेत आहे. साउथ स्टोकवरून रिजवे या लांब पायवाटेनं नदीकाठी उत्तरेकडं, मोल्सफर्डच्या तिरक्या विटांच्या कमानीखालून नॉर्थ स्टोक, मग माँजवेलपाशी उजवीकडं वळून लोहयुगातल्या त्या मातीच्या बांधावरून सरळ नफील्डपर्यंत. तेव्हा साडेनवापर्यंत उजेड असेल. अण्णांच्या अर्जावरची स्थळपाहणी त्याच महिन्यात लागली आहे. पंचनाम्याला गावातली जुनी माणसं साक्षीला लागतील, म्हणून कोण कोण त्या रस्त्यानं जायचं त्यांची नावं मी आज आत्याला विचारून लिहून घेतली.