कॅमेरा दिसला की ब्रेक

स्पीड कॅमेऱ्याचा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या, एक म्हणते पैसे उकळायचा धंदा, दुसरी म्हणते स्पीड पाळ ना मग. मला वैताग वेगळाच, कॅमेरा दिसला की सगळे कचकन ब्रेक मारतात आणि पुढे गेले की परत सुसाट. त्यापेक्षा ते ॲव्हरेज स्पीडवाले बरे, दोन ठिकाणी नंबर प्लेट टिपतात, मधलं अंतर भागिले लागलेला वेळ, झालं, तिथे नाटकं चालत नाहीत. (गंमत म्हणजे गॅट्सो नावाचा स्पीड कॅमेरा शोधून काढणारा गॅट्सोनिडीस स्वतः रॅली ड्रायव्हर, १९५३ची माँटे कार्लो रॅली जिंकलेला!) आणि फिनलंडमध्ये स्पीड फारच जास्त असला तर दंड कमाई बघून ठरतो, हे मला जाम पटतं, नाहीतर पैसेवाल्याला दंड म्हणजे नुसता टोल.